डोंगरपायथ्याची माती आणि चराई: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

खानापूर, बेळगाव, हुक्केरी भागातली बरीच पोरंपोरी आता बीएस्सी अ‍ॅग्री करून मृदाशास्त्राकडं वळायला लागलीत, आणि त्यातली काहीजणं फोन करून विचारतात की पिकाच्या मातीचं समजतंय पण चराईच्या जमिनीचा सर्व्हे म्हणजे नेमकं काय करायचं. प्रश्न बरोबर आहे. कॉलेजात माती म्हटलं की ऊस, भात, सोयाबीन, आणि गुरं-मेंढरं ज्या जमिनीवर वर्षभर जगतात तिच्याबद्दल एखादं लेक्चर झालं तर झालं. मी हेच काम करतोय म्हणून जे हाताखालून गेलंय तेवढं सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. "ही जमीन चराईला चांगली का?" असं कोणी विचारलं की लगेच हो-नाही म्हणू नका, आधी विचारा की कुठल्या महिन्यात आणि कुठलं जनावर. आमच्याकडं एकच माळ श्रावणात मेंढरांना सोन्यासारखा असतो आणि दसऱ्यानंतर त्याच माळावर त्यांची तोंडं रक्ताळतात, कारण कुसळी गवताला कुसळं येतात आणि ती हिरडीत, कातडीत घुसतात. माती तीच, गवत तेच, फक्त महिना बदलला.

आता आपल्या बेळगाव जिल्ह्याचं बघा. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, बेळगावच्या आसपास येऊन संपतो आणि त्याच्या दक्षिणेला जुने धारवाडी खडक लागतात. पण नुसत्या खडकावरनं माती ओळखायला गेलात तर फसाल. बेसाल्ट एकच असला तरी अथणीकडं पाऊस कमी म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम जमिनीतच राहतं आणि फुगणारी-आकसणारी काळी माती तयार होते, आणि पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडं धो धो पाऊस, तिथं हे सगळं पाण्याबरोबर धुऊन जाऊन लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं उरतं, तोच आपला जांभा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते ते याच पावसाच्या पट्ट्यात. एका जिल्ह्यात इतका फरक फार कमी ठिकाणी बघायला मिळतो, त्यामुळं शिकायला यापेक्षा चांगली जागा शोधत बसू नका.

फील्डवर गेलात की डोंगर वरनं खाली चालत या. हे मी प्रत्येक नवीन पोराला करायला लावतो. माथ्यावर सडा असतो, जांभ्याचा कातळ आणि त्यावर वीतभर माती, कुठं तेवढीही नाही. २५ सेंटीमीटरपेक्षा कमी खोलीची ही जमीन पाऊस पडला की लगेच हिरवी होते आणि पाऊस उघडला की तितक्याच लगेच वाळते. पण खळगे सोडले तर पाणी फारसं साठत नाही म्हणून भर पावसात जनावर उभं करायला कोरडी जागा हीच. गवळी धनगर म्हशी पावसाळ्यात वर का नेतात हे त्यांच्याकडनंच ऐका, सगळं हिशेबानं चाललेलं असतं.

त्याच्या खाली उतरणीला मुरमाड जमीन. पाय ठेवला की खडे सरकतात. इथं उतार किती आहे ते मोजल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहू नका, अ‍ॅबनी लेव्हल, म्हणजे उतार मोजायचं हातातलं यंत्र, नसलं तर मोबाईलवरचं क्लिनोमीटर चालतंय. साधारण १५ टक्क्यांच्या पुढं उतार गेला आणि माती पातळ असली की मोठी गुरं तिथं पावसात नकोतच, खुरानं गवत मुळासकट निघतं आणि मग ओघळी पडतात. शेरडं, मेंढरं हलकी म्हणून थोडी चालतात, पण ती गवत बुडाजवळनं कुरतडतात, तेही लक्षात घ्या.

मग पायथा लागतो, आणि खरी मजा इथं आहे. वरनं वाहून आलेली तांबडी पोयट्याची माती इथं येऊन थांबते, खोली चांगली, निचरा चांगला. बेळगुंदीच्या बाजूला रताळी होतात ती याच पद्धतीच्या लाल जमिनीत. पड ठेवली तर तिथं चांगलं गवत येतं, स्टायलोसारखी शेंगवर्गातली चाऱ्याची झुडपंही धरतात. अडचण एकच, पिकाला चांगली म्हणून ही जमीन चराईला उरतच नाही, सगळीकडं नांगरट. म्हणून बांध आणि पड तुकडे सोडून देऊ नका, नकाशावर मांडा.

अगदी खाली ओढ्याकाठी किंवा भाताच्या खाचरात काळी चिकण. यळ्ळूरची बासमती पिकायची ती असली पाणी धरणारी जमीन. सुगीनंतर धसकटावर गुरं सोडायला झकास, मेंढरं बसवली तर खतही मिळतं. पण पावसाळ्यात इथं जनावर घातलं की दोन्हीकडनं नुकसान होतं. खुरांनी ओली चिकण माती दाबली जाते, हवा जायची वाट बंद होते आणि वाळल्यावर ती विटेसारखी होते. जनावराचे खूर सतत ओले राहून कुजतात, आणि साचलेल्या पाण्यात गोगलगाई असतात, त्यांच्यातनं यकृतकृमी जनावराच्या पोटात जातो. मातीचा रिपोर्ट लिहिणाऱ्यानं हे का बघायचं असं काहींना वाटतं. बघायलाच पाहिजे, निचरा कसा आहे ते तुम्हीच लिहिणार ना.

हातानं माती ओळखायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. मूठभर माती ओली करून मळा, गोळा करा, आणि अंगठा आणि बोटाच्या मधनं पट्टी काढत जा. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाच झाली तर चिकण पोयटा, पाचच्या पुढं गेली तर चिकण. जांभ्याच्या मातीत बारीक खडे असतात ते आधी काढून टाका, नाहीतर पट्टी उगाच लवकर तुटते. काळ्या मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका, फसफसली तर चुनखडी आहे.

गवत हे अर्धं माती परीक्षण आहे. मारवेल दिसला की जमिनीला थोडी खोली आणि ओल आहे. नुसती कुसळी असली तर पातळ आणि दमलेली जमीन. लव्हाळा असला तर पाणी तुंबतंय. टाकळा माजला असेल तर गुरांनी चांगलं सगळं खाऊन संपवलंय, कारण टाकळ्याला ती तोंड लावत नाहीत. आणि गवताच्या थोंबाखालची माती धुपून थोंब उंचवट्यावर बसल्यासारखा दिसला, मुळं उघडी पडली, तर तिथं चराई थांबवायची वेळ कधीच गेलेली असते.

किती जनावरं झेपतील याचा हिशेब सगळे अवघड समजतात, तो असा. एक चौरस मीटरची चौकट टाका, आतलं गवत कापा, वाळवून वजन करा, असं बऱ्याच जागी करून सरासरी काढा. समजा २०० ग्रॅम आलं, म्हणजे हेक्टरी २ टन. त्यातलं निम्मं जमिनीवर राहू द्यायचं, म्हणजे वापरायला १ टन. ३०० किलोची गाय दिवसाला वजनाच्या सव्वादोन-अडीच टक्के कोरडा चारा खाते, धरा ७ किलो. एक हेक्टर एका गाईला साधारण १४० दिवस पुरला. आता गावात गाई किती आणि माळ किती ते मांडा, रात्री झोप लागणार नाही. कर्नाटकच्या महसूल नियमात दर १०० जनावरांमागं १२ हेक्टर मोफत चराईला राखायचं म्हटलंय, आणि वरचा आकडा लावून बघा की कमी पावसाच्या गावात तेवढ्यात वर्ष निघतं का.

हे सगळं करताना पहाणी, म्हणजे आपण ज्याला उतारा म्हणतो ते आरटीसी, वाचता आलं पाहिजे आणि ते कन्नडात असतं. गोमाळ, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन, अशी नोंद कुठं आहे, खराबा, म्हणजे पिकाला न येणारी जमीन, किती धरलाय हे कळल्याशिवाय नुसती माती तपासून उपयोग नाही. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांनी कन्नड वाचायला शिकून घ्या, मनापासून सांगतो, नोकरीसाठी तर लागतंच पण बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या मेंढपाळाशी बोलायलाही लागतं. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, त्या भागात चराईचं काहीही सुचवायच्या आधी वनखात्याचे नियम बघा.

जांभ्याच्या पट्ट्यात काम करत असाल तर फॉस्फरसकडं विशेष लक्ष द्या. लोहाचे ऑक्साइड फॉस्फरस धरून ठेवतात, गवताला मिळत नाही, आणि मग जनावरं हाडं, चिंध्या, माती चघळायला लागतात. गावात गेलं की बायका आपोआप सांगतात, म्हैस कपडे खातीय म्हणून. ते ऐकलं की त्या वाडीतली माती आधी तपासायला पाठवा आणि जनावरांच्या डॉक्टरला कळवा, खनिज मिश्रण चालू झालं की कितीतरी जनावरं सुधारतात.

शिकायचं म्हणाल तर धारवाड. कृषी विद्यापीठ तिथंच आहे आणि झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचं दक्षिणेकडचं केंद्रही धारवाडलाच, कुठल्या मातीत कुठलं गवत लावायचं हे तिथं समोर उगवलेलं बघायला मिळतं. बीएस्सीला केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत प्रवेश होतो, शेतकऱ्यांच्या मुलांना कोटा आहे, त्याची प्रॅक्टिकल टेस्ट हलक्यात घेऊ नका. एमएस्सीला थीसिसचा विषय निवडताना गाईडला स्वतःहून म्हणा की मला माळावरची माती घ्यायचीय, आणि एकाच जागेचे नमुने मृगाच्या आधी आणि गणपतीनंतर असे दोनदा घ्यायची परवानगी मागा.