घरातील दारांची आणि कपाटांची हँडले निवडताना

नव्या घराचे फर्निचर होत आले की हँडलांचा विषय बहुधा सर्वांत शेवटी निघतो, तोही मिस्त्री ड्रिल हातात घेऊन उभा असताना. मग घाईने दुकान गाठले जाते आणि भिंतीवर लावलेल्या नमुन्यांपैकी जे अधिक चमकते ते घरी येते. निवड मात्र हातापासून सुरू व्हावी, त्यानंतर भोकांचे अंतर पाहावे, मग धातू, आणि रंगाचा विचार शेवटी करावा.

स्वयंपाकघरात कणकेने भरलेल्या हाताने ट्रॉली ओढली जाते. तिथे नक्षीदार हँडल बसवले, तर त्याच्या खाचांत पीठ आणि तेल यांचा थर वाळून बसतो व तो टूथब्रशने घासूनच काढावा लागतो. गोलसर कडांचे साधे डी-आकाराचे हँडल तिथे सर्वांत सोयीचे, कारण बोटे भरलेली असली तरी करंगळी अडकवून ते ओढता येते. हँडल आणि फळी यांच्यामध्ये किमान 25 ते 30 मिलिमीटर मोकळी जागा हवी. दुकानात ते नुसते तळहातावर तोलून पाहू नये. उभ्या फळीवर धरायला सांगावे आणि मागे चारही बोटे घालून पाहावीत. टोके बाहेर आलेल्या हँडलांना साडीचा पदर, ओढणी आणि कुर्त्याचा खिसा हमखास अडकतो, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवरील कपाटांना दोन्ही टोके फळीकडे वळलेली हँडले घ्यावीत.

फळीच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमचे प्रोफाइल, म्हणजे बोटे अडकवता येतील अशी पन्हळीची पट्टी, बसवून बाहेरचे हँडल टाळण्याची पद्धत सध्या रूढ आहे. ती दिसायला नीटस असली, तरी ओट्यावरचे पीठ आणि फोडणीचे तेल त्या पन्हळीत उतरणार, हे गृहीत धरावे. दाबून उघडणाऱ्या ट्रॉल्यांबद्दल माझे मत याहून प्रतिकूल आहे. ओट्याला टेकून उभे राहण्याची सवय असलेल्या घरात त्या कमरेच्या धक्क्याने उघडत राहतात. वॉर्डरोबला किंवा टीव्हीच्या कपाटाला मात्र हे दोन्ही प्रकार शोभतात.

हँडलाचे माप म्हणजे त्याची एकूण लांबी नव्हे, तर दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर होय. ही अंतरे बहुधा 32 मिलिमीटरच्या पटीत असतात : 64, 96, 128, 160, 192 अशी. एकदा 96 ची भोके पाडली की पुढे तेच अंतर असलेले हँडल शोधणे भाग पडते, अन्यथा सनमायकावर जुनी भोके उघडी राहतात. त्यामुळे सहज मिळणारे माप घ्यावे आणि जुन्या ट्रॉल्यांची हँडले बदलायची असल्यास बाजारात जाण्यापूर्वी हे अंतर मोजून लिहून न्यावे. ट्रॉली 600 मिलिमीटरहून बरीच रुंद असेल, तर मधोमध एक छोटे हँडल बसवू नये. एका टोकाकडून ओढली गेल्यास ती तिरकी होऊन अडते. लांब हँडल किंवा दोन हँडले हा त्यावरचा उपाय आहे. लांबीबद्दल संभ्रम असेल, तर पुठ्ठ्याची पट्टी त्या मापाला कापून चिकटपट्टीने फळीवर लावावी आणि दोन दिवस तशीच राहू द्यावी.

धातूच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिकमध्ये पितळ पारखणारी नजर पुष्कळ घरांत असते. पण हँडलावर मुलामा असल्यामुळे ती नजर तिथे फारशी चालत नाही. 'ब्रास फिनिश' म्हणून विकली जाणारी अनेक हँडले जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांवर केवळ पितळी रंगाचा थर असतो. असे हँडल उलटे करून स्क्रूच्या भोकात डोकवावे : आटे पिवळे दिसले तर पितळ, करडे दिसले तर जस्त. त्याच आकाराचे भरीव पितळी हँडल हाताला स्पष्टपणे जडही लागते. जस्ताचे हँडल वाईट असते असे नाही, कपाटांसाठी ते पुरेसे असते. मात्र त्याला पितळेचा भाव देऊ नये. लोहचुंबकाने मुलामा दिलेले लोखंड ओळखता येते, पण स्टेनलेस स्टीलच्या 304 आणि 202 या प्रतींमधील फरक चुंबक सांगत नाही, कारण दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. त्यासाठी पॅकिंगवरील किंवा बिलावरील उल्लेखच पाहावा लागतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी सुचवले जाणारे महागडे 316 स्टील नाशिकमध्ये घेण्याचे कारण नाही; 304 येथे उत्तम टिकते. हँडलाचा खरा शत्रू बाथरूममध्ये असतो. फरशी किंवा कमोड धुण्याच्या ॲसिडच्या वाफांनी मुलामा काळवंडतो आणि स्टीलवरही तांबूस डाग पडतात. जिथे बोअरवेलचे जड पाणी वापरले जाते, तिथे चकचकीत क्रोमवर पांढरे ठिपके उठून दिसतात, मॅट किंवा ब्रश केलेल्या स्टीलवर ते लपतात. लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, दिलेले पितळ चिंचेने किंवा लिंबाने घासू नये; लॅकर जाते आणि मग ते देवाच्या भांड्यांसारखे नियमित घासत बसावे लागते.

दारांसाठी गोल नॉबपेक्षा खाली दाबायचे लिव्हर हँडल केव्हाही सरस आहे. संधिवाताने बोटे आखडलेल्यांना आणि दोन्ही हातांत पिशव्या असणाऱ्यांना ते कोपराने उघडता येते. जमिनीपासून साधारण एक मीटर उंची बहुतेकांना सोयीची पडते. केवळ हँडल बदलून आतले मॉर्टाइज लॉक (दाराच्या जाडीत खाच करून बसवलेले कुलूप) तेच ठेवायचे असेल, तर लिव्हरच्या मध्यापासून किल्लीच्या भोकापर्यंतचे अंतर मोजावे. 85 मिलिमीटरचे अंतर सर्रास आढळते, तरीही मोजल्याशिवाय खरेदी करू नये. बाथरूमच्या दाराला बाहेरून नाण्याने उघडता येणारे कुलूप घ्यावे. लहान मूल आत अडकले किंवा वडीलधारे माणूस पाय घसरून पडले, तर दार तोडावे लागत नाही. फ्लॅटच्या मुख्य दाराबाहेर जाळीचे सेफ्टी डोअर असेल, तर दोन्ही दारे बंद करून मधली फट मोजावी. भरदार पुल हँडल बसवल्यावर जाळीचे दारच लागेनासे होते, आणि तोवर दाराला भोके पाडून झालेली असतात.

हँडलासोबत येणारा स्क्रू तुमच्या फळीला पुरेलच असे नाही. फळीच्या जाडीत दोन्ही बाजूंचा सनमायका धरून वर पाच-सहा मिलिमीटर स्क्रू हँडलात शिरला पाहिजे. ट्रॉलीच्या दर्शनी फळीमागे ड्रॉवरची स्वतःची फळीही असेल, तर 25 मिलिमीटरचा स्क्रू अपुरा पडतो आणि 40 ते 45 मिलिमीटरचा लागतो. सर्व भोके एकाच साच्याने पाडून घ्यावीत, दर फळीवर नव्याने टेप लावून नव्हे. जस्ताच्या हँडलाचा स्क्रू शेवटी हातानेच आवळावा, कारण ड्रिलच्या जोराने त्याचे आटे झिजतात. खरेदी करताना एक-दोन हँडले जास्तीची घ्यावीत, कारण तीच छटा वर्षभराने मिळण्याची खात्री नसते, आणि मॉडेलचा क्रमांक सिंकखालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस पेनाने लिहून ठेवावा.