घड्याळ घरी धुताय? आधी चावी बघा

भाच्याने पहिल्या मोठ्या बोनसमधून स्विस घड्याळ घेतलं. परवा त्याचा फोन आला, "मामा, चेनच्या कड्यांत काळं जमलंय, घरीच धुतलं तर चालते का?" चालते. पण फोनवर अर्धा तास त्याला जे सांगितलं ते लिहूनच ठेवतो, कारण दोन वर्षांपूर्वी हेच काम मी माझ्या हाताने बिघडवलं आहे. घड्याळ वडिलांचं होतं. आयुष्यभर नोकरी करून, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकच महागाची वस्तू.

तर पहिलं काम, पाण्याचा नळ उघडण्याच्याही आधी: चावी. डबीच्या कडेला जी दातेरी गुंडी असते, शोरूममध्ये जिला क्राऊन म्हणतात, ती पूर्ण बंद आहे का ते बघा. भारी घड्याळांमध्ये, विशेषतः पाण्यात चालणाऱ्यांमध्ये, ती नुसती आत दाबून बंद होत नाही. तिला आटे असतात, बाटलीच्या झाकणासारखी ती फिरवून घट्ट करावी लागते. आत दाबली पण फिरवली नाही, तर लांबून बंदच दिसते. बंद नसते.

माझं नेमकं हेच झालं. 1 डिसेंबरची सकाळ होती. साधं तारखेचं घड्याळ प्रत्येक महिना 31 दिवसांचाच समजते, त्यामुळे 30 नोव्हेंबरनंतर खिडकीत 31 आला होता. चावी सैल केली, एक घर बाहेर ओढली, तारीख पुढे नेली, चावी आत दाबली, आणि तेवढ्यात दारावर सिलिंडरवाला आला. फिरवायची राहिली. तीन दिवसांनी संध्याकाळी घरच्या लग्नाला जायचं म्हणून मी ते घड्याळ बेसिनवर साबण लावून धुतलं. वर मऊ ब्रशने चावीच्या भोवतीची घाण अगदी प्रेमाने काढली, म्हणजे पाणी जिथून शिरणार होतं तिथेच ब्रश फिरवला. दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या उन्हात बघतो तर काचेला आतून धुकं, आणि चारच्या आकड्याजवळ मोहरीएवढा थेंब. बोटाने पुसला. पुसला जात नव्हता, तो आत होता.

म्हणून चावी. कशी तपासायची ते सांगतो, कारण "बघून घे" एवढ्याने भागत नाही. घड्याळ डोळ्यांच्या रेषेत धरा आणि बाजूने पाहा. चावी आणि डबी यांच्यामध्ये फट दिसते का? बंद चावी डबीला बसलेली असते, उघडी थोडी वर उचललेली. मग दोन बोटांत धरून हलक्या हाताने घट्ट करायच्या दिशेला, म्हणजे घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेला, फिरवून बघा. हलली नाही तर बंद आहे. हलली तर देवाचे आभार माना आणि नीट बंद करा: किंचित आत दाबत आधी उलटी फिरवा, आटा जागेवर पडल्याचा बारीक टक जाणवतो, मग सुलटी. असं केलं म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत. शेवटाला जोर नको. आतली रबरी रिंग चेपते आणि मग बंद चावीतूनही पाणी जाते. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, असेल तर चावीच्या वरखाली दोन बटणं असतात. त्यांनाही आटे असतील तर तीही बघा, आणि ओली असताना ती दाबू नका. ज्या घड्याळांची चावी आट्याची नाही, तिथे ती पूर्ण आत आहे याची खात्री करा आणि पाण्याचा हात आखडता घ्या.

रोलेक्सने 1926 साली ऑयस्टर डबी आणली तेव्हा मोठी भिस्त याच आट्याच्या चावीवर होती. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा ते घड्याळ तिच्या अंगावर होतं. दहा तासांहून जास्त वेळ थंडगार पाण्यात राहून चालू राहिलं. त्या घड्याळाची चावी कोणीतरी आधी फिरवून बंद केली होती.

दुसरं, पाठीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. 30 मीटर किंवा 3 बार म्हणजे तीस मीटर खोल जाता येते असं नव्हे. तो कारखान्यातल्या, न हलणाऱ्या दाबाचा आकडा आहे. असल्या घड्याळाला हात धुताना उडालेले शिंतोडे चालतात, नळाची धार नाही. 30 आणि 50 वाल्यांना फक्त ओलसर फडकं. 100 आणि वर, आट्याची चावी, आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत दाबाची तपासणी झालेली, तरच नळाखाली. रबरी रिंगा वयानुसार कडक होतात, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या घड्याळावर 100 लिहिलं असलं तरी तो आकडा आता इतिहास झाला. आजोबांचं एचएमटी किंवा जुनं चावीचं घड्याळ असेल तर पाणी जवळसुद्धा आणू नका, कोरडं मऊ फडकं पुरे.

आता पाणी. नागपुरात ही गोष्ट वेगळी सांगावी लागते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असते. त्या नळाखाली घड्याळ धरलं आणि मग कूलरच्या गारव्यात आणून ठेवलं की आतली हवा तापून पसरते आणि थंड होताना आकसते. रिंग जराशी थकलेली असेल तर त्या ओढीने पाणी आत जाते. म्हणून सकाळी सहा-सातला धुवा, किंवा आदल्या रात्री बादली भरून ठेवा. हाताला ना गरम ना गार लागेल असं पाणी. गरम पाण्याने मळ लवकर सुटतो हे भांड्यांना लागू आहे, इथे नाही. बोअरचं पाणी असेल तर धुऊन घ्या त्यानेच, पण शेवटचं खळखळून काढणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर कड्यांवर पांढरे ठिपके वाळतात आणि ते पुसताना तुम्ही चकचकीत भागावर रेघा पाडता.

सामान घरातलंच. भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा नवा मऊ टूथब्रश, चष्म्याचं मऊ फडकं एक ओलं पुसायला आणि एक कोरडं, लाकडी टूथपिक, जाड टॉवेल. टॉवेल बेसिनखाली नाही, बेसिनच्या आत. ओलं स्टील साबणाने सटकते, आणि नळाच्या तोटीवर आपटलेल्या काचेचं काय होते ते बघायची वेळ कोणावर येऊ नये. नीलमणी (सफायर) काच कठीण असते, कठीणपणाच्या मोहस मापावर 9, घासून सहसा ओरखडा पडत नाही, पण टोकावर आपटली की टवका उडतो. आणि बेसिनची जाळी बंद करा.

काय वापरायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. टूथपेस्ट नको. सगळ्या व्हिडिओंत दाखवतात, तरी नको. तिच्यात घासणारी पूड असते, तिने घासलं की चेनची मधली चकचकीत कडी धुरकट होते, आणि सोन्याचा मुलामा असेल तर तो जातो. खाण्याचा सोडा, लिंबू, व्हिनेगर, काचा पुसायचा स्प्रे, पितळेचं पॉलिश, काही नको. रिठ्याचं पाणी बांगड्यांना चालते, चेनला नको, चोथा कड्यांच्या पोटात बसतो. टाचणी, सेफ्टी पिन बिलकूल नाही. इतवारीत सराफाकडे कंपनाचं मशीन असते, त्यात दागिने बुडवून धुतात. "घड्याळ टाकून देऊ का?" असं तो चांगल्या मनाने विचारेल. सोडवलेली स्टीलची चेन द्या, डबी नाही. त्या थरथरीने आतले बारीक स्क्रू सैल होतात.

चेन सोडवायची का? येत असेल तरच. हल्लीच्या बऱ्याच पट्ट्यांना खटका असतो, नखाने सुटतात, ते सोपं. साध्या पिनांना बारीक दुपाखी हत्यार लागते. चाकूने प्रयत्न केलात तर पट्टा जिथे अडकतो त्या कानांवर ओरखडा पडलाच समजा. कानांच्या मागच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावा, घड्याळ टॉवेलवर पालथं ठेवा, आणि काम परातीत करा. ती पिन स्प्रिंगची असते, दीड मिलिमीटर जाड, सुटली की उडते आणि दिवाणाखाली जाते. हात बसलेला नसेल तर चेन लावलेलीच धुवा, नव्वद टक्के मळ तसाही निघतो.

बरं, पाण्याला हात लावण्याआधी चावी परत बघा. मी दोनदा म्हणतोय, कारण मधल्या वेळात तुम्ही वेळ जुळवलेली असते, चावी दिलेली असते, किंवा घरातल्या कोणी तरी "बंद पडलं का?" म्हणून फिरवून पाहिलेलं असते.

धुणं सोपं आहे. वाटीत साबणाचं पाणी करा, ब्रश त्यात बुडवा, घड्याळ बुडवू नका. आधी चेन, आतल्या बाजूने. मळ तिथे असतो: घाम, मेलेली कातडी, धूळ आणि आंघोळीचा साबण मिळून झालेला काळा राड. बकलची घडी उघडा, तिच्या सांध्यात सगळ्यात जास्त निघतो. पहिल्यांदा धुताना पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. हा मळ नुसता दिसायला वाईट आहे म्हणून काढायचा असं नाही. घामातलं मीठ कड्यांच्या फटीत ओलं राहिलं तर 316एल नावाच्या चांगल्या प्रतीच्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि पाठीच्या झाकणाच्या कडेला ते खड्डे पडले की तिथली रिंग नीट बसत नाही. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत मनगट कोरडं नसतेच. त्या चार महिन्यांत दर पंधरा दिवसांनी ओलसर फडकं फिरवा, एरवी महिन्याने.

डबीवर ब्रश हलका. फिरती कडा असेल तर ती फिरवत तिच्या खोबणीत. पाठीचं झाकण, कानांच्या मधली जागा. चावीभोवती ब्रश शेवटी, आणि चावी बंद आहे हे बोटाने पाहूनच. काच तर सगळ्यांना पुसता येते. प्लास्टिकची काच असेल, ओमेगा स्पीडमास्टरच्या काही मॉडेलांना अजूनही तशीच येते, तर तिला आधी धूळ फुंकून मग फडकं, नाहीतर धुळीनेच चरे पडतात. मग बारीक धारेखाली, धार चावीवर न पडता, साबण जाईपर्यंत.

चामड्याचा पट्टा काढून ठेवा. त्याला पाणी नाही, साबण नाही, आतून कोरडं फडकं आणि सावलीत एक दिवस आराम. उन्हाळ्यात चामडं घालूच नये असं माझं मत आहे. रबरी पट्टा साबणाने धुवा, चालते.

वाळवणं: टिपून घ्या, चोळू नका. कड्यांत फुंकर मारा, टॉवेलवर पंख्याखाली दोन तास. ऊन नको, हेअर ड्रायर नको. स्पीकर, इंडक्शनची शेगडी, चुंबकाचं मोबाइल कव्हर यांच्याजवळ ठेवू नका. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे चिकटतात आणि घड्याळ पुढे धावते.

आत धुकं दिसलंच तर तांदळात ठेवू नका. मी तीन दिवस ठेवलं होतं. तांदूळ बंद डबीतलं पाणी ओढत नाही, तेवढ्या वेळात गंज चढतो. सीताबर्डीच्या ज्या घड्याळजींकडे मी शेवटी गेलो, त्यांनी पाठ उघडून भिंग माझ्या हातात दिलं. तारखेच्या चक्राखाली एका स्क्रूच्या डोक्यावर तपकिरी डाग होता, चहाच्या पुडीच्या कणाएवढा. "त्याच दिवशी आणलं असतं तर नुसतं वाळवून तेल दिलं असतं," एवढंच म्हणाले. भाग मागवावे लागले, अडीच महिने लागले. वडील दर रविवारी विचारायचे, "आलं का?" म्हणून त्याच दिवशी जा.

पट्टा परत लावताना पिन दोन्ही बाजूंनी बसल्याचा टक ऐका, ओढून बघा. वेळ लावा. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये बदलू नका, त्या वेळी आतलं चक्र दातांत अडकलेलं असते. चावी आत, दाबा, फिरवा.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच तारखांना पेनाने गोल करा: 1 मार्च, 1 मे, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, 1 डिसेंबर. तारीख हाताने सरकवायचे दिवस हे. आमच्या घरी त्या पाचही चौकटींत वडिलांनीच लिहून ठेवलंय, "चावी फिरवली का?"