‘सांधणे’ वापरताय? मग या चुका टाळा

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, आणि गणपतीच्या आधी सूत्रसंचालनाचा कागद माझ्याकडे तपासायला येतो. यंदा त्यात एक वाक्य होतं, ‘हा उत्सव सगळ्या विंगांची मनं साधतो’. लिहिणाऱ्या काकूंना म्हणायचं होतं ‘सांधतो’, एक अनुस्वार गेला आणि अर्थच पार बदलला. पण मला काकूंचं कौतुक वाटलं, कारण हल्ली जो तो जोडणे म्हणतो नाहीतर कनेक्ट करणे, सांधणे कोण म्हणतं?

तर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. साधणे म्हणजे मिळवणं, जमवून आणणं. सांधणे म्हणजे दोन कडा भिडवून एक करणं. संस्कृतात मुळंच वेगळी आहेत, एकाचं साध् आणि दुसऱ्याचं सम् + धा, ज्यातून संधी हा शब्द आला. आता संधी शब्द सांधणेच्या घरातला, पण आपण म्हणतो ‘संधी साधली’, तिथेच घोळ होतो. आणि कधीकधी दोन्ही बरोबर असतात हं. ‘मुलाशी संवाद साधला’ म्हणजे त्याच्याशी बोललो, ‘संवाद सांधला’ म्हणजे तुटलेलं बोलणं परत सुरू केलं. त्यामुळे आधी काय म्हणायचंय ते ठरवा, मग अनुस्वार द्या.

दुसरी चूक बरोबर उलटी, शब्द आवडला म्हणून जोडणेच्या जागी सगळीकडे घुसवायचा. ‘मेलला फाइल सांधली आहे’ असं नाही होत. फाइल जोडतात, नळाचं कनेक्शन जोडतात, मित्र जोडतात. सांधायला आधी काहीतरी मोडलेलं, फाटलेलं नाहीतर सुटं टोक लागतं. हाड सांधतं, फुटक्या बरणीचे तुकडे सांधतात, दुरावलेल्या भावांची मनं सांधतात. आमच्या दोन विंगा पार्किंगवरून वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून काकूंच्या वाक्यात मी ‘जोडतो’ केलं नाही, ‘सांधतो’च ठेवलं. ‘दरी सांधणे’ मात्र मला पटत नाही, लोक सर्रास लिहितात, पण दरी बुजवतात, सांधायचे असतात ते तिचे काठ.

रेल्वेतला सांधाही लोकांना कळत नाही. ‘गाडीने सांधा बदलला’ यातला सांधा म्हणजे दोन रुळांमधली ती खटखट वाजणारी फट नव्हे, तर एक मार्ग दुसऱ्याला मिळतो ती जागा, जिथून गाडी दुसऱ्या रुळावर जाते. हे काम बघणारा तो सांधेवाला. २०२१ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात वांगणी स्टेशनात मयूर शेळके यांनी रुळावर पडलेल्या मुलाला गाडी येता येता वाचवलं, ते पॉइंट्समन, म्हणजे मराठीत सांधेवाला. पहिली गाडी १८५३ मध्ये आपल्या ठाण्यापर्यंत धावली, तेव्हा निदान ठाणेकरांनी तरी हा शब्द विसरू नये असं मला फार वाटतं.

लिहिण्याचं एवढंच, की एकटा शब्द असला तर संधी, धी दीर्घ, पण समासात ऱ्हस्व, म्हणून संधिवात आणि संधिप्रकाश. सांधेदुखीत हा प्रश्नच येत नाही, तो सरळ सांधा. आणि मोबाइलवर टाइप करताना सांधणेचं सांडणे झालं नाही ना ते पाठवायच्या आधी एकदा बघा, ‘मनं सांडली’ असं बॅनरवर छापून आलं की मग काही करता येत नाही.