खळ्यात 'पॅरलल्स' लावायचाय? मग हे आधी करून ठेवा

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की रात्री जेवणं झाल्यावर काय करायचं हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या प्रत्येक घरात असतोच, पत्ते झाले, भुताच्या गोष्टी झाल्या, मग कोणीतरी मुंबईहून छोटा प्रोजेक्टर आणलेला असतो आणि त्याच्यावर काय लावायचं यावर भांडण. माझं मत विचाराल तर 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन अंतराळ मालिकेचा 'पॅरलल्स' लावा. सातव्या सीझनचा अकरावा एपिसोड, नोव्हेंबर 1993 चा. पाऊण तासात आटपतो, आधीचं काही बघितलेलं नसलं तरी चालतं, आणि समांतर विश्व, म्हणजे आपल्यासारखंच पण थोडं वेगळं दुसरं जग, काय असतं हे नव्वदीतल्या आजीपासून चौथीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना कळतं. फक्त लावायची पद्धत आहे, उगाच प्ले दाबून मोकळं व्हायचं नाही.

पहिलं म्हणजे तयारी. एपिसोड दुपारीच डाउनलोड करून ठेवा, रेंजच्या भरवशावर राहू नका आणि लाइटच्या तर अजिबात नको, मेच्या शेवटी शेवटी आभाळ गडगडलं की लाइट गेलीच समजा, म्हणून लॅपटॉप फुल चार्ज आणि प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर. अंधार नीट पडायला पावणेआठ-आठ होतात, त्याआधी लावलं तर पडद्यावर काही दिसत नाही आणि या एपिसोडमध्ये बारीक फरकच बघायचे असतात. पडद्याला पांढरी चादर चालते पण समुद्राचा वारा रात्री पण असतो, वर मांडवाच्या खांबांना सुंभाने ताणून बांधा, खालच्या दुमडीत एक काठी घाला आणि काठीच्या दोन्ही टोकांवर एकेक चिरा ठेवा, मग हलत नाही. प्रोजेक्टरच्या उजेडावर पाखरं येतात, त्यासाठी मागच्या पडवीत एक बल्ब चालू ठेवला की निम्मी तिकडे जातात. आंबे आधीच खाऊन घ्या. चिकट हात आणि रिमोट हे जमत नाही.

आता मेन गोष्ट. सुरू करायच्या आधी विज्ञान समजावत बसू नका. क्वांटम बिंटम काही काढायचं नाही. 'आज समांतर विश्वाचा एपिसोड बघणार आहोत' असं सुद्धा सांगू नका, कारण या एपिसोडची सगळी गंमतच ही आहे की वॉर्फला जे कळत नाही ते आपल्याला पण कळत नसतं. तुम्ही आधीच फोडलंत तर मग लोक नुसते बघत बसतात, शोधत नाहीत. इतकंच सांगा: हे अंतराळातलं जहाज आहे, एंटरप्राइज नावाचं, टकला माणूस कॅप्टन पिकार्ड, दाढीवाला रायकर त्याच्या हाताखालचा, पांढरट चेहऱ्याचा डेटा म्हणजे यंत्रमानव, डोळ्यावर पट्टी लावलेला जॉर्डी इंजिनियर, ट्रॉय समुपदेशक आणि कपाळावर वळ्या असलेला तो वॉर्फ, क्लिंगॉन नावाच्या परग्रहावरच्या जमातीतला, तापट माणूस, आज त्याचा वाढदिवस आहे आणि त्याला वाढदिवस आवडत नाही. बस.

आणि मग प्रत्येकाला एकेक काम वाटून द्या. पोरांना केक. चॉकलेटचा आहे की कसला यावर लक्ष ठेवा म्हणायचं. काकांना ट्रॉफी, वॉर्फ एक स्पर्धा जिंकून परत येतोय ना ती. आजीला भिंतीवरचं चित्र, डेटाने वॉर्फला भेट दिलेलं. एखाद्या हुशार भावंडाला डॉक्टर कोण आहे ते बघायला सांगा आणि आणखी एकाला कॅप्टनच्या खुर्चीत कोण बसलंय ते. कशासाठी ते सांगायचं नाही. याने काय होतं की कोणी मोबाईल काढत नाही, आणि चित्र एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं की आजीच ओरडते, 'अरे मगाशी थंय होता, आता हय कसा इला?' तिथे हसायचं नाही हं, वॉर्फची पण तीच अवस्था आहे.

मराठी सबटायटल्सची वाट बघत बसू नका. शेजारी बसून वाक्यनवाक्य भाषांतर पण करू नका, त्याने दोघांचं बघणं बिघडतं. त्यापेक्षा थांबवून सांगा. हा टीव्हीसाठी केलेला एपिसोड असल्यामुळे जाहिरातींच्या जागा ठरलेल्या आहेत, म्युझिक चढतं आणि पडदा काळा होतो, तिथे पॉज दाबून दोन वाक्यात काय झालं ते सांगितलं की पुरतं.

थांबायच्या जागा माझ्या मते तीनच. पहिली, जिंकून आलेला वॉर्फ स्वतःच्याच आवाजातली नोंद ऐकतो आणि त्यात तो नववा आलेला असतो. इथे काकांना विचारा काय झालं असेल. काका म्हणणार डोक्यावर आपटलाय, म्हणू दे, जहाजावरच्या लोकांना पण तसंच वाटतं. दुसरी, हल्ला होतो तेव्हाची. वॉर्फ आपल्या नेहमीच्या जागी उभा आहे, जहाजाचं संरक्षक कवच चढवायला बटणं शोधतोय आणि समोरच्या पॅनेलची मांडणीच बदललेली आहे, रोजची जागा, रोजचं काम आणि हात कुठे ठेवायचा ते कळत नाही. तेवढ्या सेकंदांच्या उशिरात जॉर्डीचा जीव जातो. इथपर्यंत सगळे मजेत बघत असतात, केक पिवळा झाला म्हणून हसत असतात, आणि इथे एकदम गप्प होतात. समांतर विश्वावरचे ढीगभर एपिसोड आहेत पण इतक्या साध्या गोष्टीतून धडकी भरवणारे फार कमी, मला तर तो लढाईचा भाग नसता नि नुसतं ते पॅनेल असतं तरी चाललं असतं.

तिसरी जागा म्हणजे डेटा समजावून सांगतो ती. आता तुम्ही पण समजावू शकता. वॉर्फचं यान येताना एका फटीतून गेलं, त्या फटीत अनेक विश्वं एकमेकांना टेकतात, आणि जॉर्डीच्या डोळ्यावरच्या पट्टीतून निघणाऱ्या लहरींनी वॉर्फ एका विश्वातून दुसऱ्यात ढकलला जातोय. कोणीतरी विचारणारच की हे खरं असतं का. तेव्हा खरं तेच सांगा: 1957 साली ह्यू एव्हरेट नावाच्या अमेरिकन माणसाने पीएचडीला हा विचार मांडला की क्वांटम पातळीवर, म्हणजे अणूएवढ्या किंवा त्याहून लहान कणांच्या पातळीवर, जेवढ्या शक्यता आहेत त्या सगळ्या घडतात, प्रत्येकीची वेगळी शाखा. तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही, 1970 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डविट यांनी लेख लिहिला तेव्हा चर्चा वाढली. पण त्यात एका शाखेतून दुसरीत उडी मारायची सोय नाही, ती फट न् ती पट्टी हा सगळा टीव्हीवाल्यांचा मसाला. आणि अजूनही हा एक अन्वय, म्हणजे अर्थ लावायची एक पद्धत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

यानंतर मात्र पॉजला हात लावायचा नाही. रायकर कॅप्टन कारण त्या विश्वात पिकार्ड बोर्ग नावाच्या अर्धयंत्र शत्रूंच्या हल्ल्यात गेलेला, बजोरन आणि कार्डॅसियन या एकमेकांच्या वैरी जमातींची अदलाबदल, हे सगळं धडाधड येतं आणि मग आकाशात एकामागून एक एंटरप्राइज उगवायला लागतात, आकडा 2 लाख 85 हजार. पोरं इथे टाळ्या वाजवतात. कॅप्टन रायकरला समोरच्या जहाजावर जिवंत पिकार्ड दिसतो तो क्षण फार लहान आहे, तेव्हा कोणाला पाणी बिणी आणायला उठवू नका. आणि लगेच मग तो दुसरा रायकर, दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, ज्याच्या विश्वात बोर्गने सगळं खाल्लंय, तो परत जायला तयारच नाही. आमच्याकडे यावरच सगळ्यात जास्त वाद झाला, तो चुकला की बरोबर, आणि अजून मिटलेला नाही.

संपल्यावर लगेच झोपायला पाठवू नका, खेळ घ्या. नियम एकच, फक्त एक गोष्ट बदलायची आणि ती पण छोटी. मोठ्यांना हे पटकन कळावं म्हणून जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवून द्या, विश्वासरावांना लागलेली गोळी कानाला चाटून गेली असती तर, एवढ्यावर उभी आहे ती. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर विजयदुर्ग घ्या. फेब्रुवारी 1756, पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन तुळाजी आंग्र्यांवर चालून आलेत, इंग्रजांच्या तोफांचा एक गोळा आंग्र्यांच्या ताब्यातल्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडतो, ते पेटतं आणि शेजारी शेजारी नांगरलेलं आंग्र्यांचं अख्खं आरमार जळून जातं. आता तो गोळा खाडीच्या पाण्यात पडला असं धरा आणि पुढचं एकेकाने एकेक वाक्य जोडत न्यायचं. कोणी 'मग आपणच लंडन जिंकलं' म्हणालं तर बाद, इतकी लांब उडी नाही, आधी दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत काय दिसलं ते सांग.

दुसऱ्या रात्रीची मागणी आलीच तर जुन्या 'स्टार ट्रेक'चा 1967 चा 'मिरर, मिरर' आहे, त्यात जहाजावरचा अधिकारी स्पॉक, एरवी बिनदाढीचा, वाईट विश्वात दाढीवाला असतो. तो सोपा आहे, तिथे वाईट विश्व पहिल्या पाच मिनिटांत दिसतं, शोधायचं काही नाही, त्यामुळे कामं वाटायची गरज नाही आणि मधूनच आलेल्या शेजाऱ्यांना पण बसवता येतं. पण क्रम उलटा करू नका. आधी तो दाखवलात तर 'पॅरलल्स'मध्ये सगळे पहिल्या मिनिटापासून खोटी दाढी शोधत बसतील.