तरुणांच्या रोजगार योजना : आखणीत आणि निधीवाटपात या चुका टाळा

प्रशिक्षणाच्या सगळ्या जागा भरल्या, प्रमाणपत्रं वाटून झाली, तरतूदही शंभर टक्के खर्च झाली. वर्षभराने पाहावं तर शिकलेली निम्मी मुलं-मुली अजून घरीच. असं झालं की ‘आजकालच्या पोरांना काम नकोच असतं’ हे ठेवणीतलं वाक्य बाहेर येतं. खरा दोष बहुतेक वेळा आधीच, आराखडा आणि अंदाजपत्रक ठरताना झालेला असतो.

मोठ्या घोषणेला पोहोचलेला पैसा समजणं

ही चूक सर्वांत महागात पडते. युरोपीय संघाने 2013 मध्ये ‘युवा हमी’ स्वीकारली. 25 वर्षांखालच्या प्रत्येकाला बेरोजगार झाल्यापासून किंवा शिक्षण सुटल्यापासून चार महिन्यांत नोकरी, पुढचं शिक्षण, उमेदवारी (काम करता करता शिकणं) किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचं, असा तो संकल्प होता. जिथे तरुणांची बेरोजगारी 25 टक्क्यांच्या वर होती त्या प्रदेशांसाठी काही अब्ज युरोंचा वेगळा निधीही ठेवला. पण रचना अशी की आधी देशांनी खर्च करायचा आणि मग परतावा मागायचा. सुरुवातीची आगाऊ रक्कम जेमतेम 1 ते 1.5 टक्के. ज्या देशांत बेरोजगारी सर्वाधिक, त्यांच्याच तिजोऱ्या तेव्हा रिकाम्या होत्या. कामं सुरूच होईनात. शेवटी 2015 मध्ये ही आगाऊ रक्कम 30 टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली. पुढे 2017 मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी सात देशांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी एकालाही चार महिन्यांचं वचन सगळ्यांसाठी पाळता आलेलं नव्हतं.

म्हणून तरतुदीच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : पहिला हप्ता कधी सुटणार, तो कुणाच्या खात्यात जाणार, आणि परतावा येईपर्यंतचा भार कोण उचलणार. विद्यावेतन तीन महिने थकलं की गळती सुरू होते आणि ती सगळ्यांत गरजू घरांतून सुरू होते. वर्षअखेरीला घाईने उडवलेला निधी हेही याच आजाराचं लक्षण. अर्ज भरपूर आणि खर्च नगण्य दिसला तर लोकांच्या उत्साहाची चर्चा थांबवून निधीचा रस्ता तपासावा.

जे नोंद करायला आले तेवढेच बेरोजगार मानणं

बेरोजगारीच्या दरात फक्त काम शोधणारे मोजले जातात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये 15 ते 24 वयोगटात हा दर जगभरात 13 टक्के, म्हणजे सुमारे 6 कोटी 49 लाख तरुण. पण शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले पाहिले तर दर पाचांमागे एक, आणि त्यांतल्या दर तिघांमागे दोन मुली. नोंदणीच्या यादीवरून आखलेली योजना त्यांच्यापर्यंत जातच नाही. कोलंबियाने 2001 ते 2005 दरम्यान राबवलेल्या प्रशिक्षण योजनेत लहान मुलं असलेल्या आयांना रोजचा भत्ता जास्त होता. ही बाब अंदाजपत्रकात क्षुल्लक वाटते, पण मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न सुटल्याशिवाय ती बाई वर्गात येणार कशी? त्या योजनेच्या अभ्यासात महिलांची कमाई सुमारे 20 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

प्रत्येक दुखण्यावर प्रशिक्षण

विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांचा अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 मध्ये आढावा घेतला. शंभर जणांना व्यावसायिक प्रशिक्षण दिलं तर एरवी मिळाली नसती अशी नोकरी त्यांतल्या फार तर दोन-तीन जणांना मिळते, असा त्याचा सूर होता. जिथे कामच निघत नाही तिथे शिकवून काम निघत नाही. आधी मालकांना विचारा, मग अभ्यासक्रम ठरवा.

डोकी मोजून संस्थांना पैसे देणं

पटावरच्या संख्येवर पैसे दिले की पट फुगतो. त्यावर सुचणारा उपाय म्हणजे नोकरी लागल्यावरच पैसे. तोही वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटनमध्ये 2011 साली सर्व वयाच्या बेरोजगारांसाठी अशी निकालावर पैसे देणारी योजना आली. ज्यांना काम मिळणं अवघड, त्यांच्यासाठी जादा दरही होता. तरी संस्थांनी पटकन नोकरी लागेल अशांवर मेहनत घेतली आणि बाकीच्यांना बाजूला बसवून ठेवल्याचं आढळलं. त्यापेक्षा हप्ते विभागावेत : काही रक्कम प्रवेशावर, काही प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर, आणि मोठा वाटा सहा महिने नोकरी टिकल्यावर. कोणत्या गटाला किती नोकऱ्या मिळाल्या याचा हिशेबही वेगळा मागावा, नाहीतर सरासरीत सगळं झाकलं जातं.

एकाची नोकरी दुसऱ्याला देऊन यश मोजणं

वेतन अनुदान (कामावर ठेवणाऱ्याला पगाराचा काही भाग देणं) किंवा नोकरी शोधायला मदत देताना हे हमखास विसरलं जातं. फ्रान्समध्ये अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 235 रोजगार क्षेत्रांत मोठा प्रयोग केला. मदत मिळालेल्या सुशिक्षित तरुणांना नोकऱ्या लवकर मिळाल्या, पण तो फायदा टिकला नाही. शिवाय त्याचा काही भाग मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्यातून आलेला होता, विशेषतः जिथे कामं कमी होती तिथे. लाभार्थ्यांच्या यशोगाथा छापणाऱ्या अहवालात ही बाजू कधीच दिसत नाही, कारण हरलेल्याचं नाव त्या यादीत नसतंच.

फळ दिसण्याआधी योजना गुंडाळणं

अशा कार्यक्रमांचा परिणाम पहिल्या वर्षात फिका असतो. दोन-तीन वर्षांनी तो उठून दिसतो. ब्रिटनने ऑक्टोबर 2009 मध्ये मुख्यतः 18 ते 24 वयाच्या बेरोजगारांसाठी सहा महिन्यांच्या नोकऱ्या देणारा निधी सुरू केला. एका नोकरीमागे जास्तीत जास्त 6,500 पौंड. 2010 मध्ये नवं सरकार आलं आणि त्याने तो महाग ठरवून बंद करायचं ठरवलं. सरकारचंच मूल्यमापन 2012 च्या अखेरीस आलं, आणि त्यात प्रत्येक सहभागीमागे समाजाला सुमारे 7,750 पौंडांचा निव्वळ फायदा निघाला. तोवर योजना बंद झाली होती. मूल्यमापनाचे पैसे पहिल्याच वर्षाच्या तरतुदीत वेगळे काढावेत, तुलनेसाठीचा गट (योजनेचा लाभ न मिळालेले तसेच तरुण) सुरुवातीलाच ठरवावा, आणि पुढे चालू ठेवायचं की नाही हा निर्णय तो अहवाल येण्याच्या तारखेला बांधून ठेवावा.