पत्त्यातले अंडरस्कोर काढून हायफन घातले

वेबसाइटच्या पत्त्यांत शब्द अंडरस्कोरने जोडलेले होते. 'जुने_फोटो' हा सर्च इंजिनला एकच शब्द वाटू शकतो, 'जुने-फोटो' मात्र सरळ दोन. शिवाय लिंकखालच्या रेघेत अंडरस्कोर दिसतच नाही. रिकामी जागा तर नकोच, पत्त्यात तिचे %20 होते.

हायफन घातले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर 301 रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलला असे सांगून आपोआप नव्यावर नेणारी सूचना) लावले. घोळ इथेच होतो: रीडायरेक्टचा नियम एका वेळी एकच अंडरस्कोर बदलत असेल, तर तीन अंडरस्कोरच्या पत्त्याला तीन उड्या पडतात. त्यामुळे जुना-नवा अशी यादी करून एका उडीत नेले. चित्रांच्या फाइल नियमातून वगळल्या, नाहीतर फाइलचे नाव जुनेच राहून नवा पत्ता 404, म्हणजे 'सापडले नाही', असे देतो. मग आतल्या लिंक, साइटमॅप (सर्च इंजिनसाठीची पानांची यादी), कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता सांगणारी खूण) बदलले.

नीट चालणारे जुने पत्ते मात्र एवढ्यासाठी हलवू नयेत; फायदा तसा किरकोळच.