निवडणुकीच्या दिवसांत मंडळीचे पुलपीट कसे सांभाळावे

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब (धर्मगुरू) पुलपीटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, उपदेश तयारी करून देतात, त्यामुळे तिथे सहसा पाय घसरत नाही. घसरतो तो उपासनेतल्या सूचनांच्या वेळी. ‘आपल्या वॉर्डातले भाऊ आज उपासनेला आलेत, दफनभूमीच्या भिंतीला त्यांचीच मदत झाली, त्यांना आपण विसरायचं नाही,’ एवढे सेक्रेटरी बोलतात, टाळ्या पडतात आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ते मोबाइलवर टिपते. बोलणाऱ्याला तो साधा आभार वाटतो. कायद्याला तसे वाटेलच असे नाही.

कायदे तीन ध्यानात ठेवा. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा केंद्राचा १९८८ चा कायदा सगळ्यात कडक आणि सगळ्यात कमी माहीत असलेला. चर्चची इमारत, आवार, निधी किंवा सण-समारंभ राजकीय कामासाठी वापरू दिले, तर कारभार पाहणाऱ्यांना आणि त्यात सामील असलेल्यांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कारभार पाहणारे म्हणजे पाळक आले, पास्टोरेट कमिटीही आली. आचारसंहिता उठली तरी हा कायदा उठत नाही. तो बाराही महिने लागू असतो.

दुसरा, लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याच्या कलम १२३(३) प्रमाणे उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, धर्माच्या आधारे मते मागितली तर ते भ्रष्ट आचरण ठरते आणि निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, यातला ‘धर्म’ उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचाही धरला. म्हणजे ‘मी ख्रिस्ती आहे, मला मत द्या’ हे जसे चालत नाही, तसे ‘तुम्ही ख्रिस्ती आहात, म्हणून मला मत द्या’ हेही नाही.

याच कलमाच्या पोटकलम (२) कडे पाळकांनी नीट पाहावे. अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धार्मिक शिक्षा होईल, असा धाक घालणे हा गैरवाजवी दबाव. मंडळीची शिस्त हा आमच्यासारख्या परंपरानिष्ठ मंडळ्यांना जिव्हाळ्याचा विषय. पण कोणाला प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून) दूर ठेवण्याचा निर्णय आणि त्याचे मत यांचा संबंध कुठेही, अगदी थट्टेतही, जोडू नका.

तिसरा, भारतीय न्याय संहितेचे कलम १९६: गटागटांत वैर पसरवणे. हाच गुन्हा प्रार्थनास्थळात घडला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

मग पुलपीटवरून बोलायचेच नाही का? बोलायचे, आणि स्पष्ट बोलायचे. गर्भपात, दारू, जुगार, लाच, विवाहाचे पावित्र्य, धर्मस्वातंत्र्य यांवर पवित्र शास्त्र गप्प नाही. निवडणूक लागली म्हणून पाळकाने गप्प बसावे हे आम्हाला मान्य नाही. फक्त तीन कसोट्या लावा. विषय त्या रविवारच्या वचनातूनच निघतो का? उमेदवार, पक्ष, चिन्ह, घोषणा यांतले काही नावाने किंवा इशाऱ्याने आले का? ‘कमळ चिखलात उगवते’, ‘हात धुऊन घ्या’ असले श्लेष हशा मिळवतात आणि नंतर महागात पडतात. आणि तिसरी, खरी कसोटी: हाच उपदेश निकालानंतर तीन महिन्यांनी शब्दशः देता येईल का? नसेल, तर तो उपदेश नव्हे, प्रचार आहे.

इथे एक बारकावा आहे. १९८८ च्या कायद्यात राजकीय काम म्हणजे फक्त पक्षाचा प्रचार नव्हे. राजकीय स्वरूपाच्या प्रश्नासाठी सभा घेणे, निधी गोळा करणे हेही त्यात येते. एखाद्या विधेयकाविरुद्ध आवाज उठवायचा असेल तर नागरिक म्हणून उठवा: बाहेरचे सभागृह, स्वतःच्या नावाने परवानगी, स्वतःच्या खिशातला खर्च. चर्चचे लेटरहेड नको, दानार्पणाचा पैसा तर नकोच. मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल तर ट्रस्टच्या उद्देशाबाहेरचा खर्च धर्मादाय आयुक्तांपुढेही अडचणीत आणतो.

यूट्यूबवर अमेरिकन उपदेशक ऐकून त्यांची नक्कल करणाऱ्यांसाठी: चर्चने उमेदवाराचा प्रचार करू नये, हा तिथला १९५४ चा नियम चर्चच्या करसवलतीपुरता आहे. इथे प्रश्न तुरुंगाचा आहे. कॅथलिक पॅरिशांना तर त्यांच्याच धर्मविधिसंहितेचे बंधन आहे. तिचा नियम २८७ धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ देत नाही.

निवडणूक जाहीर झाली की आठवड्याच्या आत कमिटीची सभा घ्या आणि ठराव लिहून काढा: सूचना लेखी असतील आणि पाळक आधी वाचतील, आवारातला हॉल कोणत्याही पक्षाला भाड्यानेही मिळणार नाही, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितील. ही शेवटची गोष्ट लोकांना आवडत नाही, पण मतदानाच्या आदल्या रात्री फिरणारे ‘ख्रिस्ती बंधूंनो, जागे व्हा’ थांबवायला दुसरा सोपा उपाय नाही.

उमेदवार उपासनेला आला तर येऊ द्या. बसायला बाक द्या, माइक देऊ नका. शाल नाही, हार नाही, पुढची खुर्ची नाही. तो आपलाच सभासद असेल तर निकाल लागेपर्यंत वचन वाचण्याच्या पाळीतून त्याचे नाव काढा. प्रार्थना सर्व उमेदवारांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी एकत्र, नावे न घेता करा. राजांसाठी प्रार्थना करा, असे पौल तीमथ्याला सांगतो. राजा निवडून द्यायला सांगत नाही.

देणगीचा मोह मोठा. भिंत, पेव्हर ब्लॉक, साउंड सिस्टीम, काहीही देऊ केले जाते. कापणीच्या सणातला, अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव तर उमेदवाराला आयतीच संधी, भोपळ्याला पाच हजारांची बोली लागते. त्या वर्षी लिलाव पुढे ढकला किंवा फक्त सभासदांपुरता ठेवा. नकार दिला की तो इतिवृत्तात तारखेसह नोंदवा.

मंडळीची शाळा मतदान केंद्र झाली असेल तर मतदानाच्या दिवशी केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचाराचे काहीही राहता कामा नये. आदल्या संध्याकाळी फाटक आणि कंपाउंड पाहून घ्या.

करण्यासारखे बरेच आहे. उपासनेनंतर नोंदणीला मदत करा: नवे नाव घालायला फॉर्म ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला फॉर्म ८, आणि मयत सभासदांची नावे वगळायला फॉर्म ७, जो नेहमी राहून जातो; तो घरच्यांकडून भरून घ्या. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांची फॉर्म २६ ची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. गुन्हे आणि मालमत्ता तिथे वाचता येतात. ती वाचायची कशी, हे तरुण संघाने शिकवावे. मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

उपदेशाचे आणि सूचनांचे पूर्ण रेकॉर्डिंग ठेवा. विधानसभा-लोकसभेची निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करता येते, तोवर काहीही पुसू नका. तक्रार आली तर ती अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवर येते, आणि तिला उत्तर तासाभराच्या अखंड रेकॉर्डिंगनेच देता येते.